वाचन आणि वय

वाचन हें विद्यार्थिदशेंतील काम, परीक्षा संपली कीं पुस्तकाचेंही काम संपलें, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. शाळेचीं पुस्तकें रद्दींत जातात आणि त्यांच्यामागोमाग वाचनाची संवयही जाते. वस्तुतः प्रत्येक वयाची पुस्तकाकडे निराळी मागणी असते.

मुलाच्या वाचनाचा आरंभ कानांपासून होतो. आजीनें वाचून दाखविलेल्या गोष्टींतून रोजच्या बोलण्यांत न येणारे शब्द आणि लांब वाक्यांची घडण त्याच्या कानीं पडते. पुढें तेच शब्द पानावर भेटतात, तेव्हां ते परके वाटत नाहींत. वासुदेव गोविंद आपटे यांनीं मुलांसाठीं ‘आनंद’ मासिक १९०६ सालीं सुरू केलें. क्रमिक पुस्तकापलीकडे मुलाला आवडीचें वाचन हवें, ही जाणीव मराठींत इतकी जुनी आहे.

प्रौढपणीं वाचन काय देतें, हें ज्यांना तें झगडून मिळवावें लागलें त्यांच्या चरित्रांत दिसतें. रमाबाई रानडे १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं सासरीं आल्या, तेव्हां त्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांना स्वतः शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना तें रुचलें नाहीं. तो रोष सोसून रमाबाईंनीं अभ्यास चालूं ठेवला. पुढें १९१० सालीं त्यांनीं आपल्या संसाराच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. लक्ष्मीबाई टिळक यांनाही अक्षरओळख लग्नानंतरच झाली. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, तेव्हां त्यांनीं साठी ओलांडली होती. या दोघींनीं कष्टानें मिळविलेली वस्तु आज घरोघरीं आयती आहे, आणि म्हणूनच ती सहज टाकलीही जाते.

उतारवयांत हिंडणें थांबतें, समवयस्क एकेक करून दुरावतात, आणि दिवस मोठा वाटूं लागतो. ज्यानें आधींपासून वाचन जोडून ठेवलें आहे त्याला या वयांत सोबत शोधावी लागत नाहीं. दृष्टि मंदावली, तर नातवानें रोज दोन पानें मोठ्यानें वाचावीं. आजोबांचा एकांत सरतो, नातवाचे उच्चार सुधारतात, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगणारा माणूस समोरच बसलेला असतो.

पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालापासूनचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें. पुस्तकें मिळण्याची सोय अशी जुनी आहे. उणीव आहे ती घरांतील ठराविक वेळेची. रात्रीच्या जेवणानंतर मोबाईल बाजूस ठेवून अर्धा तास वाचनास द्यावा, आणि आरंभ आईबापांनीं करावा. ‘वाच’ म्हणून सांगितलेलें मूल विसरतें. वाचतांना पाहिलेलें विसरत नाहीं.