आजार आपला, मग प्रश्न कुणी ठरवायचे?



सीमाभागात आपण जमलो की बोलणं शाळा, पाट्या आणि परिपत्रकांवर येतं. आज मला प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल बोलायचंय. मी डॉक्टर नाही, राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. ‘कोण ठरवतं?’ हा आमच्या विषयातला पहिला प्रश्न. तोच आज आरोग्य संशोधनाला विचारूया.

१९६१ साली केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनच्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला. एका महिन्यात हजार प्रौढांपैकी साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं असतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण दवाखान्यात दाखल होतात. विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो फक्त एक. संशोधन आणि डॉक्टरांचं शिक्षण मात्र त्या एकाभोवतीच फिरत होतं. बाकीच्यांचं काय?

२००० साली ‘लॅन्सेट’मध्ये गुडघ्याच्या संधिवाताबद्दल असंच काहीसं छापून आलं. संशोधन बहुतेक औषधांवर झालेलं, आणि रुग्णांना माहिती हवी होती शस्त्रक्रियेची, फिजिओथेरपीची, दुखणं घेऊन जगायचं कसं याची. म्हणून ब्रिटनमध्ये २००४ साली ‘जेम्स लिंड अलायन्स’ सुरू झाली. रुग्ण, त्यांची काळजी घेणारे घरचे आणि डॉक्टर-नर्स एकत्र बसतात. आधी सगळ्यांचे प्रश्न गोळा करतात. ज्यांचं उत्तर आधीच मिळालेलं आहे ते बाजूला काढतात. उरलेल्यांतून सगळ्यांनी मिळून दहा निवडायचे. यात डॉक्टरचं मत जड आणि रुग्णाचं हलकं, असं धरत नाहीत.

आता आपल्याकडं बघा. २०२३ साली महाराष्ट्रानं ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं विरोध केला, आणि गदारोळ झाला. पण ती योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांबद्दल दोन्हीकडं कोण बोललं?

माझ्या मनातले काही प्रश्न सांगतो. गोळी कधी घ्यायची हे कन्नडमधून सांगितलं, तर फक्त मराठी कळणाऱ्या आजीला नेमकं किती समजतं? चंदगडची माणसं बेळगावला येतात, आपली कोल्हापूर-मिरजेला जातात. मग एकाच बीपीच्या पेशंटचा पाठपुरावा कुठलं केंद्र करतं? खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरून पावसाळ्यात बाळंतिणीला केंद्रात पोचायला किती वेळ लागतो?

हे प्रश्न कन्नड नर्सताईंच्या विरोधात नाहीत. समोरच्याला कळलं नाही की त्यांचंही काम दुप्पट होतं. त्यांना आणि आशाताईंना आपल्या शेजारी बसवलं नाही, तर आपली यादी अर्धीच राहील.

नुसतं गाऱ्हाणं मांडलं की साहेब म्हणतात, ‘पुरावा काय?’ तो पुरावा संशोधनातून येतो. आणि प्रश्नच विचारला गेला नाही तर पुरावा येणार कुठून?

म्हणून काम सोपं ठेवूया. प्रत्येकानं आपल्या गावातल्या दहा घरांतून आणि केंद्रातल्या कर्मचाऱ्यांकडून एकेक प्रश्न लिहून आणायचा. ज्यांचं उत्तर आधीच आहे, तिथं संशोधन कशाला? सरळ अंमलबजावणी मागायची. उरलेल्यांतले दहा निवडून जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाकडं न्यायचे. एक लक्षात ठेवा: संशोधनात भाग घेणाऱ्याला त्याला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन संमती घ्यायची, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे तिथं मराठी मागणं हा हट्ट ठरत नाही, नियमच तसा आहे.

निवेदनं लिहायची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच वहीत आता हे दहा प्रश्नही लिहूया. वही आणि पेन घेऊन याच आठवड्यात सुरुवात करा.

जय महाराष्ट्र!