कळफलकावरची बाराखडी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त जे. पी. नगर, बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



जे. पी. नगरातील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. दारावरची पाटी इंग्रजीत, रस्त्यावरच्या पाट्या कन्नडात आणि स्वयंपाकघरातले बोलणे मराठीत. गावाकडची आजी फोनवर देवनागरीत चार ओळी लिहून पाठवते. नातू त्या आईकडून वाचून घेतो आणि उत्तर रोमन अक्षरांत धाडतो. त्या उत्तरात ‘बाल’ आणि ‘बाळ’, ‘बल’ आणि ‘बळ’ हे चारही शब्द सारखेच दिसतात. आजी चष्मा पुसून पाहते, तरी अर्थ लागत नाही. दोघांची भाषा एकच आहे; मधला लिपीचा धागा मात्र तुटला आहे. तो पुन्हा कसा जोडता येईल, हा आजचा विषय आहे.

यंत्रापुढे लिपीने किती वाकावे, हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. थाई लिपी ब्राह्मीच्याच वंशातली. पल्लव आणि ख्मेर लिपींच्या वाटेने ती सयाममध्ये पोहोचली. एडविन मॅकफार्लंड यांनी 1892 च्या सुमारास पहिले थाई टंकलेखन यंत्र सिद्ध केले, तेव्हा 44 व्यंजनांपैकी दोघांना त्यावर जागा मिळाली नाही. आधीच कमी वापरातली ती अक्षरे पुढे लिखाणातून गेली आणि वर्णमालेच्या तक्त्यापुरती उरली.

महाराष्ट्रातही हा विचार झाला. छपाई व टंकलेखन सुलभ व्हावे म्हणून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती वापरलीही. पुढे 1955 मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीची टंकलेखन यंत्रे आणली. मराठी यंत्रावर अक्षरांचे तुकडे जोडावे लागत. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे उमटते, म्हणून तिची कळ आधी दाबायची आणि मग व्यंजनाची. थाईत एकाराचे चिन्ह व्यंजनाच्या डावीकडे असते आणि संगणकावरही ते आजतागायत आधीच टंकले जाते.

भारतीय लिपींनी संगणकावर निराळी वाट धरली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक तयार केला आणि 1988 मध्ये त्यात सुधारणा केली. त्याची रचना उच्चारावर उभी आहे. ‘क ला पहिली वेलांटी कि’ असे शाळेत ज्या क्रमाने म्हणत, त्याच क्रमाने कळा दाबायच्या: आधी क, मग वेलांटी. चिन्ह डावीकडे नेऊन बसवण्याचे काम संगणक करतो. स्वरचिन्हे बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. शिफ्टची कळ दाबली की ‘क’चा ‘ख’ होतो, ‘त’चा ‘थ’ होतो आणि ‘ल’चा ‘ळ’ होतो. ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतल्या ‘र’साठीही स्वतंत्र सोय आहे. इथे एकाही अक्षराला घराबाहेर काढलेले नाही.

शिकणाऱ्याने मधल्या ओळीपासून आरंभ करावा. डाव्या हाताच्या बोटांखाली ओकार, एकार, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ऱ्हस्व वेलांटी. उजव्या हाताखाली र, क, त, च. एवढ्या आठ कळांतून ‘चित्र’, ‘चक्र’, ‘तर्क’, ‘कोरे’ हे शब्द लिहिता येतात. कळफलकाकडे न पाहता रोज पंधरा मिनिटे सराव करावा. आरंभी वेगाचा हव्यास धरू नये. शुद्धता साधली की वेग मागून येतो.

रोमन अक्षरे टंकून देवनागरी शब्द निवडण्याची सोयही आहे आणि घाईच्या वेळी ती उपयोगी पडते. परंतु समोर आलेल्या ‘बाल’ आणि ‘बाळ’ यांतून योग्य शब्द निवडायला ती अक्षरे आधी ओळखता यावी लागतात. ज्या मुलाची लिपीशी ओळखच पुसट आहे, त्याची ओळख या सोयीने वाढत नाही. इन्स्क्रिप्टवर मात्र प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा त्याला स्वतः द्यावी लागते.

बेंगळुरूतील मुलांसाठी आणखी एक लाभ आहे. इन्स्क्रिप्टमध्ये देवनागरी ‘क’च्या जागीच कन्नड ‘क’ असतो. म्हणून मराठीला वळलेली बोटे त्याच सवयीने शेजाऱ्यांची भाषाही लिहू शकतात. घरची भाषा की नगराची, अशी निवड मुलावर लादण्याचे कारण उरत नाही.

साठ वर्षांपूर्वी या शाळेने पाटीवर ‘अ’ गिरवून घेतला. आज त्या विद्यार्थ्यांच्या हाती नातवंडांची बोटे आहेत. सुटीतल्या एखाद्या दुपारी आजोबांनी नातवाला जवळ बसवावे आणि कळफलकावर ‘शाळा’ हा शब्द त्याच्याकडून लिहून घ्यावा: श, काना, ळ, काना. कळा केवळ चार आहेत. दुसरा शब्द त्याने आजीला पाठवावा, आणि या वेळी आजीला तो वाचता यावा.