आधी भीती जावी, मग डोळे मिटावेत
(स्वागताध्यक्षांचे भाषण, चांदूर रेल्वे)



यजमानानं आधी आपल्या गावाची थोरवी सांगावी अशी रीत आहे. वऱ्हाडातून आणि बाहेरून आलेले शिक्षक, समुपदेशक, परिविक्षा अधिकारी, पोलीस खात्यातले स्नेही आणि पारधी बेड्यांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, आलेल्या माय-लेकी असे तुम्ही सारे या परिषदेसाठी चुकून चांदूर बाजारला न जाता नेमके इथे पोचलात, यातच आमचं निम्मं यश आहे. मुंबई-हावडा मार्गावरचं, बडनेरा आणि धामणगावच्या मधलं हे आमचं गाव. तालुक्यात सावंगा विठोबा आहे, तिथे पाडव्याला कापराचा डोंब उसळतो. घुईखेडला बेंडोजी महाराजांचं स्थान आहे. अमरावतीकडून येताना तुम्ही पोहऱ्याचं जंगल पाहिलं, मालखेडचा तलाव पाहिला. त्याच रानात फासेपारध्यांच्या कित्येक पिढ्या फास लावून तितर, बटेर, ससे धरत आल्या. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार गुन्हा ठरली. रान वाचायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याच्या हातातला फास काढून घेतला, त्याच्या हातात दुसरं काय दिलं, हे कुणी फारसं विचारलं नाही.

संशय तर त्याच्याही शंभर वर्षं आधीचा. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवात उत्तर हिंदुस्थानात झाली आणि १९११ नंतर तो देशभर लागू करता आला. जन्मावरून माणूस गुन्हेगार, त्यानं हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचं नाही, असा तो कारभार. लेकरांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची तरतूदही पुढे त्यात आली. ३१ ऑगस्ट १९५२ला या जमाती कायद्यानं मुक्त झाल्या. कागदावरचा शिक्का पुसला, लोकांच्या मनातला राहिला. मी फौजदारी वकील आहे, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. कुठं मोटरपंप गेला, कुठं सोयाबीनची पोती गेली, की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर जाते. पहाटे बाप्या माणसांना उचलतात. मागं राहते ती दहा-बारा वर्षांची पोट्टी. कडेवर धाकटा भाऊ आणि चुलीवर काय ठेवायचं याची चिंता.

अशी मुलगी कोर्टाच्या व्हरांड्यात आजीसोबत येते तेव्हा ती कशी बसते ते पाहा. पाठ भिंतीला लावते, गुडघे छातीशी घेते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे न बघता पायांकडे बघते. चप्पल दिसली तर नजर पुढे सरकते. बूट दिसले की आजीचा पदर मुठीत जातो. शाळेत तिच्याबद्दल शेरा असतो, ‘लक्ष नसते, उद्धट आहे.’ ज्या घरात रात्री दार केव्हा वाजेल सांगता येत नाही, तिथं शरीर सदा सावध राहायला शिकतं. झोप तुटते, छाती धडधडते, साध्या हाकेलाही अंग दचकतं. तिचा अर्धा जीव दाराकडे लागलेला असतो, मग फळ्याकडे लक्ष कुठून येणार?

हे दुःख एकट्या वऱ्हाडाचं नाही. अमेरिकेत २०१७ साली जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की तिथली मोठी माणसं काळ्या मुलींना गोऱ्या मुलींपेक्षा वयानं थोराड आणि कमी निष्पाप समजतात. त्यांना मायेची, जपणुकीची गरज कमी आहे असं धरून चालतात आणि ही समजूत अगदी पाचव्या वर्षापासून लागू होते. शाळेतल्या किरकोळ भांडणावरून पोलिसांपर्यंत पोचलेल्या अशा मुलींसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या आया-आज्यांसाठी तिथं श्वासावर, शरीराच्या जाणिवेवर आधारलेले उपक्रम चालतात. त्यांचा आणि आपला धागा जोतीराव फुल्यांनी केव्हाच जोडून ठेवला आहे. गुन्हेगार जमातींच्या कायद्यानंतर दोनच वर्षांनी, १८७३ साली, त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली.

ध्यान ही गोष्टही आपल्याला परकी नाही. शेजारच्या तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना रुजवली. एकट्यानं गुहेत जाऊन बसण्याऐवजी गावानं एकाच सतरंजीवर बसावं, ही त्यांची शिकवण. १९४२च्या आंदोलनात ते स्वतः नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात होते. इगतपुरीची विपश्यना तिहारच्या कैद्यांपर्यंत पोचली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानाचा अभ्यास धर्माच्या चौकटीबाहेर काढून दवाखान्यात आणला.

पण तज्ज्ञांसमोर एक गोष्ट स्पष्ट बोलतो. घाव बसलेल्या मुलीला ‘डोळे मीट, शांत बस’ म्हणणं हे कधी कधी जखमेवर मीठ चोळण्यासारखं होतं. डोळे मिटले की तीच पहाट, तीच गाडी समोर उभी राहते. म्हणून जाणती मंडळी वेगळ्या वाटेनं जातात. डोळे उघडे ठेवायची मुभा असते. बसायची जागा मुलगी स्वतः निवडते, हवी तर दाराजवळ. आधी तळपायाखालची जमीन जाणवू द्यायची, मग समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची मनात नावं घ्यायची, मग श्वास सोडताना तो थोडा लांबवायचा. दोन मिनिटं पुरे. नको वाटलं तर उठून जायचं आणि त्याबद्दल कुणी जाब विचारायचा नाही. जिच्या आयुष्यात सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं, तिला ‘मी ठरवलं’ हा अनुभव इथून मिळतो. ध्यान शिक्षा म्हणून देऊ नका आणि मुलगी गप्प राहावी म्हणून तर मुळीच देऊ नका. अन्याय झाल्यावर राग येणं हा काही आजार नव्हे.

आणि एकट्या मुलीला बसवून भागत नाही. ती घरी जाते तेव्हा आई तितकीच घाबरलेली असते, किंवा आई जामिनासाठी वणवण फिरत असते आणि आजीच पाच नातवंडांचं करत असते. त्या आजीला कुणी विचारलंय, ‘माय, तुले झोप लागते का?’ माय-लेकी एकाच सतरंजीवर बसल्या पाहिजेत. घाव सगळेच बाहेरून आले असंही नाही. जातपंचायतीचे दंड, कोवळ्या वयातली लग्नं यांचे ओरखडे पारधी बायांच्या मनावर आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आपल्याकडे आहे, तो बेड्यापर्यंत पोचवायचं काम बाकी आहे.

परिषद इथंच का, याचं उत्तर शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळ्याला आहे. फासेपारधी समाजातल्याच मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडली, स्टेशनांवर, सिग्नलवर भीक मागणारी लेकरं गोळा केली आणि २०१२ साली ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा उभी केली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेचं ग्रंथालय आणि विहीर गेली. शाळा मात्र उठली नाही. सुरक्षित छप्पर, वेळेवर जेवण, आपली भाषा समजणारा मास्तर, या गोष्टी मनाच्या उपचारात पहिल्या येतात. श्वास त्यानंतर.

स्वागताध्यक्षानं मागण्या करू नयेत, पण वकिलाला ते जमत नाही. पहिली मागणी कायद्याचीच आहे. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, त्याची ओळख उघड करता येत नाही आणि आधीच्या प्रकरणाचा डाग सहसा पुढच्या आयुष्यावर लावता येत नाही. चौकशीला मुलगी आली तर सोबत तिचं माणूस आणि महिला पोलीस हवीच. दुसरी मागणी अशी की समुपदेशक बाहेरून आणत बसण्यापेक्षा बेड्यावरच्याच शिकलेल्या मुलींना हे काम शिकवा, त्यांना मानधन द्या आणि त्यांच्या पारधी बोलीतून ते चालू द्या. तिसरी, प्रत्येक बेड्यावर जातीचे दाखले आणि आधार कार्डाची शिबिरं घ्या, कारण कागद नसलेल्या आईला पोलिसांची भीती दुप्पट असते. चौथी, मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही नंबर बेड्यावरच्या प्रत्येक घरात माहीत असले पाहिजेत. पाचवी मागणी आम्हा गावकऱ्यांकडे आहे. चोरी झाली की पुराव्याआधी जात सांगायची आमची सवय आम्हीच मोडायची. ती मोडली नाही, तर बेड्यावर कितीही सतरंज्या अंथरल्या तरी तिथल्या मुलीला दाराकडे पाठ करून बसता येणार नाही.

दोन दिवस तुमची राहण्या-जेवण्याची सोय गावानं घरोघरी वाटून घेतली आहे. ताटात वऱ्हाडी ठेचा येईल, तो बेतानं घ्या. काही उणं राहिलं तर हक्कानं सांगा. आलेल्या माय-लेकींना पहिल्या रांगेत येऊन बसण्याची विनंती करतो. पहिल्या सत्रात आधी त्या बोलतील आणि आपण ऐकू. परिषदेचं कामकाज सुरू करावं.

जय गुरुदेव, जय हिंद, जय महाराष्ट्र.