आहारातील चिवट विषे आणि देहाची मर्यादा



‘मर्यादा’ हा शब्द जैन स्वयंपाकघराला नवा नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस, हे चौक्यात वावरणाऱ्या प्रत्येक माउलीला मुखोद्गत असते. पाणी गाळून घ्यावे, उकळावे, धान्य शोधून घ्यावे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे, या साऱ्या नियमांमागे जीवदयेची दृष्टी आहे. ज्यात जीवोत्पत्ती झाली वा होऊ शकते, ते वर्ज्य. परंतु विसाव्या शतकाने अन्नात अशी काही द्रव्ये आणून सोडली, की ज्यांत जीव नाही, जी सहजी कुजत नाहीत आणि ज्यांना दिवसांची मर्यादा लागू पडत नाही. डीडीटी, बीएचसी, डायॉक्सिन, शिसे, कॅडमियम ही त्यांतील ठळक नावे. दुहेरी वस्त्राने ती गाळली जात नाहीत, उकळल्याने नष्ट होत नाहीत. त्यांना मोजमाप वेगळे लावावे लागते.

हे मोजमाप का हवे, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच दुधात सापडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १२ राज्यांतून गायी-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले. त्याचा अहवाल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी आढळले आणि ३७ टक्के नमुन्यांत ते दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वाधिक होते महाराष्ट्रात, ७४ टक्के. त्याखालोखाल गुजरात, ७० टक्के. सर्वांत दूषित नमुनाही महाराष्ट्राचाच निघाला, किलोमागे २.२ मिलिग्रॅम. मुंबईच्या उपनगरांतील बहुसंख्य जैन कुटुंबांची मुळे याच दोन राज्यांत आहेत, आणि ज्या घरात मासे-मांस नाही त्या घरात दूध-तूप हाच स्निग्धतेचा मोठा आधार असतो. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, ते चरबीत साठते. चार टक्के स्निग्धांशाच्या २५ किलो दुधातील लोणी कढवून जे किलोभर तूप होते, त्यात त्या साऱ्या दुधातील डीडीटी एकवटते. म्हणूनच कायद्याने दुधाच्या स्निग्धांशासाठी मर्यादा ठरविली ती किलोमागे १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ च्या बरोबर २५ पट.

येथे दोन मर्यादांची गल्लत नेहमी होते. ०.०५ ही वस्तूची मर्यादा. ती तोलते दुकानदाराला. देहाची मर्यादा निराळी. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला अपाय दिसत नाही, ती मात्रा बहुधा शंभराने भागतात. माणूस प्राण्याहून नाजूक असू शकेल म्हणून दहाने, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून पुन्हा दहाने. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००० मध्ये डीडीटीसाठी ही मर्यादा दर दिवशी वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ठरविली. ज्या विषाचा कोणी हेतुपूर्वक उपयोग करीत नाही, पण जे अन्नात उरलेच आहे, त्याच्या मर्यादेला तज्ज्ञ ‘स्वीकार्य’ म्हणत नाहीत, ‘सह्य’ म्हणतात. शब्दाची ही काटेकोर निवड जैन विचाराला परकी वाटू नये.

आता हिशेब. साठ किलोच्या गृहस्थाला दिवसाला ०.६ मिलिग्रॅम सह्य, दहा किलोच्या बाळाला ०.१. मर्यादेच्या काठावरचे अर्धा लिटर दूध दोघांनी घेतले तर प्रत्येकाच्या पोटात ०.०२५ जाते. गृहस्थासाठी तो चोविसावा हिस्सा, बाळासाठी चौथा. एकच पेला, एकच पिशवी, आणि भार सहापट. तो २.२ चा नमुना ज्या घरी पोचला असेल, त्या घरच्या बाळाच्या वाट्याला अर्ध्या लिटरमागे मर्यादेच्या अकरापट विष आले असेल. म्हणून घराची मर्यादा कर्त्या पुरुषावरून काढता येत नाही. ती सर्वांत लहान मुलावरून आणि गर्भवती स्नुषेवरून काढावी लागते.

सुदैवाने ही कथा तेथेच थांबली नाही. शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ मध्ये थांबविण्यात आला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, आणि चिवट प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराला भारताने २००६ मध्ये मान्यता दिली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, तेव्हा कीटकनाशकाने मर्यादा ओलांडलेला नमुना एकच निघाला. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादा ओलांडली होती. ते गुरांच्या ओलसर, बुरसटलेल्या खाद्यातून येते आणि दूध तापविल्याने जात नाही. दुधाची भीती बाळगण्याचे कारण नाही, गोठ्यातील चाऱ्याची चौकशी करण्याचे मात्र आहे. चेन्नईजवळील पेरुंगुडीच्या कचराभूमीभोवतीच्या मातांच्या दुधात डायॉक्सिन अधिक आढळले, त्याचा संभाव्य मार्ग म्हणून २००४ च्या अभ्यासाने बोट दाखविले ते कचऱ्यावर चरणाऱ्या गायींच्या दुधाकडे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग ज्यांनी अनुभवली, त्यांना धूर आणि चारा यांचे नाते वेगळे समजवावे लागणार नाही.

दीर्घ उपवासाबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. वजन झपाट्याने घटते तेव्हा चरबीत साठलेली ही द्रव्ये काही काळ रक्तात उतरतात, असे आढळले आहे. म्हणून तपश्चर्येस दोष देण्याचे कारण नाही. परंतु तान्ह्या बाळाच्या मातेने अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. बाळाचे अंगावरचे दूध मात्र या भयाने कदापि तोडू नये.

खरी चिंता आज शिशाची आहे. शिशासाठी आठवड्याला किलोमागे २५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा पूर्वी होती. तज्ज्ञ समितीने ती २०१० मध्ये मागे घेतली, कारण बालकांच्या बुद्धीला अपाय होणार नाही अशी मात्राच ठरविता येईना. डीडीटीला बंदीने हटविता आले, शिसे मात्र वर्णाच्या हौसेने घरात येते. हळकुंड अधिक पिवळे दिसावे म्हणून त्याला शिशाचा क्रोमेट चोळण्याची कुप्रथा काही बाजारांत आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा शहरातील हळदीत ग्रॅममागे हजार मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे सापडले. भारतीय नियमांनी २०११ मध्ये हळदीसाठी ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅमची मुभा दिली. अमेरिकेने २०२२ मध्ये बालकांसाठी साऱ्या आहाराचा दिवसाचा संदर्भ-आकडा धरला तो २.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे कायद्यात बसणाऱ्या काठावरच्या हळदीचा अर्धा ग्रॅमही त्याच्या दुपटीहून अधिक ठरतो.

घरी अतिझळझळीत हळकुंड टाळावे. पितळी भांड्यांना कल्हई करविताना शुद्ध कथिलाचा आग्रह धरावा, कारण स्वस्त कथिलात शिसे मिसळलेले असू शकते. भोजनशाळेसाठी संस्था हळद व तूप पोत्याने-डब्याने घेते, तेव्हा प्रत्येक खेपेचा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवालात ‘उत्तीर्ण’ एवढाच शेरा न स्वीकारता आकडा मागून घ्यावा. हळदीच्या बाबतीत ९ हा आकडाही उत्तीर्णच असतो.