सेवा आणि उपासना

बंगळूरच्या शिवाजीनगर भागात सेंट मेरी बॅसिलिका, मशिदी आणि बाउरिंग रुग्णालय एकमेकांपासून फार दूर नाहीत. ८ सप्टेंबरला बॅसिलिकेत मरियामातेचा उत्सव असतो. रमजानमध्ये सूर्यास्ताबरोबर रोजा सुटतो. परंतु रुग्णाची वेदना वेळ पाहून येत नाही. नेमक्या त्याच घटकेला रुग्णाने हाक दिली, तर परिचारिकेने काय करावे?

श्रोतेहो, याचे उत्तर धर्मपरंपरांतच सापडते. जीव वाचवायचा असेल, तर ज्यू धर्मशास्त्र शब्बाथचे निर्बंध बाजूस सारते. कुराण आजारी माणसाला व प्रवाशाला राहिलेले रोजे पुढे धरण्याची मुभा देते. पंढरीची कथा तर सर्वश्रुत आहे : आईवडिलांची सेवा चालू असता दारी आलेल्या देवाला पुंडलिकाने विटेवर उभे केले.

तथापि, परिचारिकेने उपासना सोडावी, असा याचा अर्थ नव्हे. सणासुदीला पाळ्यांची अदलाबदल व्हावी, रोजा सोडण्यापुरती उसंत मिळावी. ही व्यवस्था आधीच ठरविणे हे रुग्णालयाचे कर्तव्य होय. एकदा पाळी स्वीकारली, की मात्र रुग्णाला तिष्ठत ठेवता कामा नये. देव विटेवर थांबला. रुग्णाला थांबविता येत नाही.