अंक मुलांचाच असावा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘विद्यार्थ्यांचे नियतकालिक आणि त्याचे भवितव्य’ हा विषय दिला आहे. देवगावहून तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला गेल्यावर मी दोन वर्षे कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात होतो. त्या अनुभवावरच बोलतो.

आमचे काम साधे होते. वर्गावर्गांत फिरून साहित्य मागायचे, कुठून तरी उतरवून दिलेल्या कविता ओळखून बाजूला काढायच्या, मुद्रिते तपासायची. व्याकरणाच्या तासाला जे ऱ्हस्व-दीर्घ डोक्यात शिरले नाहीत, ते मुद्रिते तपासताना शिरले.

एका वर्षी एका मुलाने ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या आईवर लेख दिला. कोयता, पाचटाची कोपी, पहाटेच्या थंडीत गाडी भरणे, सगळे त्यात होते. पाने कमी पडतात म्हणून तो वगळायचे ठरत होते. कार्यक्रमांच्या फोटोंना मात्र भरपूर पाने होती! आम्ही मुलांनी आग्रह धरला. फोटोंची दोन पाने कमी झाली आणि लेख छापून आला. त्याच्या आईला वाचता येत नव्हते. धाकट्या बहिणीने तो लेख तिला वाचून दाखवला.

अशा लेखनातून काय उभे राहू शकते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी मुले तिथे लिहू लागली. 1967 मध्ये ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले आणि पुढे त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले. डॉ. गंगाधर पानतावणे सरांनी ते सुमारे पन्नास वर्षे चालवले. ते काही विद्यार्थ्यांनी चालवलेले नियतकालिक नव्हते. पण नवख्या माणसाचे लेखन छापण्याजोगे आहे, असे मानणारा संपादक मिळाला की काय घडते, ते त्यातून दिसले. दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांना तिथे हक्काची जागा मिळाली.

आता भवितव्याचे. छपाई महाग झाली, म्हणून अनेक ठिकाणी अंक पीडीएफवर आला आहे. त्याला माझी हरकत नाही. पण पीडीएफ गटावर पडते आणि तासाभरात शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. तरी खरी अडचण कागदाची नाही, मोबाइलचीही नाही. काय छापायचे हे मुलांनी ठरवायचे की नाही, हा प्रश्न आहे. मुलांना फक्त टायपिंगपुरते ठेवले, तर अंक निघेल, लेखक निघणार नाहीत.

म्हणून माझी एक सूचना आहे. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जी रक्कम उरेल, तिच्यातून शाळेत दरवर्षी एक हस्तलिखित अंक सुरू करावा. निवड आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी करावी. शिक्षकांनी शुद्धलेखन सुधारावे, विषय बदलू नये. अंकाचे मोबाइलवर फोटो काढून आपल्या सर्वांना पाठवावेत, मूळ प्रत मात्र ग्रंथालयाच्या कपाटात जपावी. आणि आपण माजी विद्यार्थ्यांनी तो नुसता पुढे ढकलू नये, वाचून लिहिणाऱ्याला दोन ओळी कळवाव्यात.

पहिल्या अंकाच्या कागदाचा आणि बांधणीचा खर्च माझ्याकडे लागला.