न पाहिलेला मित्र

मैत्रीला सहवास हवा, असे आपण सामान्यतः धरून चालतो. तथापि ज्या गृहस्थांना मी दोन दशके मित्र मानीत आलो, त्यांना मी कधी पाहिले नाही, त्यांचा आवाज ऐकला नाही, की त्यांना पत्रही लिहिले नाही. हॉलंडमधील ब्राम मोलेनार हे त्यांचे नाव. ३ ऑगस्ट २०२३ रोजी, साठी नुकतीच ओलांडली असता, ते निवर्तले. संगणकाच्या जगात ज्यांना 'हॅकर' म्हणतात, त्यांपैकी ते एक होत.

'हॅकर' हा शब्द ऐकताच श्रोत्यांच्या मनात चोराची मूर्ती उभी राहील. वृत्तपत्रांनी या शब्दाची अशी अवनती केली आहे. मूळ अर्थ अगदी निराळा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५० नंतरच्या दशकात आगगाड्यांच्या प्रतिकृतींशी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. रूळ बदलणाऱ्या विजेच्या जोडणीत कोणी चतुर युक्ती योजली, की तिला 'हॅक' म्हणत. हीच मुले पुढे संगणकाकडे वळली आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. यंत्राच्या अंतरंगात शिरण्यात ज्याला आनंद वाटतो, आणि आपली युक्ती जो दुसऱ्यापासून लपवीत नाही, तो हॅकर. मोलेनार या अर्थाने हॅकर होते.

त्यांनी घडवलेल्या साधनाचे नाव 'व्हिम'. संगणकावर मजकूर लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे ते हत्यार आहे. त्याचे पूर्वज 'व्हीआय' हे बिल जॉय यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रचले. त्या काळी अक्षरे संथ तारांवरून एकेक करून येत. म्हणून कमीत कमी कळा दाबून अधिकात अधिक काम व्हावे, अशी त्याची घडण होती. त्यात आज्ञांचे एक लहानसे व्याकरणच आहे. 'डी' हे पुसण्याचे क्रियापद, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. दोन्ही जोडले की एक शब्द पुसला जातो. क्रियापदे थोडी आणि कर्मे थोडी, परंतु त्यांच्या जोड्या असंख्य. नवशिक्याला हे सारे विक्षिप्त वाटते. पण एकदा हे व्याकरण बोटांत उतरले, की मन आणि कागद यांमधले यंत्र जणू नाहीसे होते.

मोलेनार यांनी 'अमिगा' नावाचा घरगुती संगणक घेतला, तेव्हा त्याच्यासाठी 'व्हीआय' उपलब्ध नव्हते. दुसऱ्या एकाने केलेली त्याची नक्कल त्यांनी मिळवली, आणि १९८८ पासून ती ते सुधारीत बसले. १९९१ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. आरंभी नावाचा अर्थ 'व्हीआयचे अनुकरण' असा होता. पुढे अक्षरे तीच राहिली आणि अर्थ 'सुधारलेले व्हीआय' असा झाला. हे साधन जगभर पसरले. परिणामकारक संपादनाच्या सात सवयी सांगणारा एक निबंधही त्यांनी २००० साली लिहिला. आपले श्रम कोठे वाया जातात ते पाहा, त्याहून जलद मार्ग शोधा, आणि तो सवयीचा होईपर्यंत गिरवा, असे त्याचे सार आहे. हा उपदेश केवळ संगणकापुरता आहे असे मला कधीच वाटले नाही.

पण मला त्यांचा मित्र केले ते वेगळ्याच गोष्टीने. १९९४ च्या सुमारास ते दक्षिण युगांडातील किबाले या गावी स्वयंसेवक म्हणून गेले आणि पाणी व स्वच्छता यांच्या कामात राबले. एड्सच्या साथीने त्या भागात घरेच्या घरे कर्त्या माणसांवाचून उरली होती. मुले आजीआजोबांच्या किंवा शेजाऱ्यांच्या आधाराने वाढत होती. मोलेनार परतले, पण मनाने तेथून परतले नाहीत. या मुलांच्या शिक्षणासाठी व औषधोपचारासाठी त्यांनी हॉलंडमध्ये एक निधी उभारला, आणि त्यानंतरही ते अनेकदा किबालेला जात राहिले.

निधीसाठी त्यांनी योजलेला मार्ग मोठा साधा होता. 'व्हिम' कोणीही विनामूल्य वापरावे, त्याच्या प्रती कराव्यात, इतरांना द्याव्यात. मात्र ते आवडले, तर युगांडातील मुलांसाठी काही द्यावे. नुसते साधन उघडले, की कोऱ्या पडद्यावर ही विनंती एका ओळीत दिसे. तीत सक्ती नव्हती, आर्जवही नव्हते. आपल्याकडे वाटसरूंसाठी पाणपोई घालतात. पाणी पिणाऱ्याला घालणाऱ्याचे नाव विचारावे लागत नाही. येथे मात्र पाणपोई घालणारा हळूच सांगत होता, की पलीकडच्या गावीही तहानलेले आहेत. ही ओळ रोज सकाळी वाचता वाचता या माणसाची ओळख मला झाली.

ते निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. 'व्हिम'मधील बहुतेक प्रत्येक बदल त्यांच्याच हातून जावा लागे. काही तरुणांना ही गती सोसेना, आणि २०१४ साली त्यांनी 'निओव्हिम' नावाची वेगळी शाखा काढली. ज्या हाताने पस्तीस वर्षे एखादी वस्तू जपली, त्या हाताची पकड घट्ट असणारच. आणि वेगळे होणाऱ्यांना सर्व सामग्री घेऊन जाता आली, याचे कारण मोलेनार यांनीच ती पहिल्यापासून खुली ठेवली होती.

त्यांच्या निधनाची वार्ता कुटुंबीयांनी या विखुरलेल्या सहकाऱ्यांना कळवली. या समुदायाचा त्यांना अभिमान होता, असे तीत लिहिले होते, आणि अंत्यविधीला येऊ इच्छिणाऱ्यांनी कळवावे, अशी सूचनाही होती. ज्यांना घरच्यांनी कधी पाहिले नव्हते, त्यांना असे बोलावणे आप्त समजूनच दिले जाते.

अशा मित्राचे श्राद्ध कसे करावे? त्याच्या सहकाऱ्यांनी काम न थांबवून उत्तर दिले. २ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी 'व्हिम'ची पुढली आवृत्ती काढली आणि ती मोलेनार यांच्या स्मृतीस अर्पण केली. माणूस गेल्यावर त्याचे हत्यार गंजू न देणे, आणि त्याने ज्यांच्यासाठी हात पसरला त्यांना न विसरणे, एवढे दोन्ही साधले, तर मैत्रीचे ऋण थोडेसे तरी फिटते.